सातवा फॉर्म

परराष्ट्र खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी क्रमांक चारच्या समोर एक लाकडी बाक आहे. त्याचा डावा पाय आखूड. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून तो सरळ केला तांडेलणीने. महिनोन् महिने बसायचं तर डुगडुगत कोण बसणार?

तिचा नवरा तांडेल, सात माणसांच्या मासेमारी बोटीचा मुख्य. धुक्यात बोट भरकटली, शेजारच्या देशाच्या पाण्यात शिरली, आणि त्यांच्या गस्तीने सातही जणांना उचलून तुरुंगात टाकलं. मासे दोन्हीकडचे सारखेच. पण पाण्यावरही रेघ मारणारे शहाणे असतात, त्यांच्यापुढे आपण काय बोलणार.

पहिले चार महिने खात्याने तिला नुसत्या वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मग निवडणूक आली आणि मंत्र्यांना एकदम पाझर फुटला. भर सभेत त्यांनी शब्द दिला की आपल्या धर्माचा एकही माणूस परक्या तुरुंगात सडू देणार नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी खिडकीतल्या साहेबांनी बोटीवरच्या माणसांच्या बायकांना नवे फॉर्म वाटले. नाव, वय, बोटीचा क्रमांक, आणि मधोमध एक नवा रकाना: धर्म.

तांडेलणीचं पेन तिथेच थांबलं. बोटीवरचे चौघे मंत्र्यांच्या धर्माचे, तिचा नवरा त्यातलाच. स्वयंपाकी आणि त्याचा भाऊ दुसऱ्या धर्माचे, शेजारच्या देशात चालतो त्या. आणि ग्रीसकाका कशातच नाहीत. ग्रीसकाका म्हणजे इंजिन सांभाळणारे, साठी उलटलेले, मागेपुढे कुणी नसलेले. देवाचा विषय निघाला की म्हणायचे, त्याला एकदा डिझेलशिवाय बोट चालवून दाखवू दे, मग नमस्कार करतो. पण सतरा वर्षांपूर्वी वादळात तांडेल पाण्यात पडला, तेव्हा कमरेला दोर बांधून त्याच्यामागे उडी टाकली ती याच माणसाने. तिचा संसार त्या दोरावर उभा होता, हे ती कशी विसरणार?

तिने रकाना कोरा ठेवला. साहेब माणूस वाईट नव्हता, खुर्चीत अडकलेला होता इतकंच.

"ताई, एवढा एक शब्द लिहा," तो म्हणाला. "महिन्याभरात तांडेलभाऊ घरी येतील."

"आणि बाकीचे तिघं?"

"त्यांचं पुढे बघू."

"मग माझंही पुढेच बघा," तांडेलीण म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

घरी सासूने अबोला धरला. दीर गल्लीभर सांगत सुटला की वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तांडेलाच्याच धर्माच्या इतर तिघांच्या बायकांनीही रकाना कोरा ठेवला खरा, पण कुरकुरत. एकीने तर तोंडावर सुनावलं, तुझ्या हट्टापायी माझं लेकरू बापाविना चालायला शिकलं. हे मात्र तिला लागलं. मोरीत जाऊन ती ढसाढसा रडली, तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बाकावर हजर.

दोन महिन्यांनी बातमी आली. शेजारच्या देशाच्या प्रमुखाने पवित्र महिन्यानिमित्त कैद्यांना माफी जाहीर केली, पण फक्त स्वतःच्या धर्माच्या. म्हणजे स्वयंपाकी आणि त्याचा भाऊ सुटणार. आता बघा गंमत! दोन देश एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण रकाना दोघांनी तोच छापलेला.

स्वयंपाक्याची बायको माफीचा कागद घेऊन बाकाशी आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, अपराध्यासारखी उभी होती. "वहिनी, तुम्ही माझ्या माणसासाठी थांबलात," ती म्हणाली. "आता मी सही करू की नको, ते तुम्हीच सांगा."

तांडेलणीने बोटं मोजली. दोघांना तो देश सोडणार, चौघांना हा आणणार. झाले सहा. ग्रीसकाका तेवढे कुणाच्याच देवाचे नव्हते, त्यामुळे कुणाच्याच सरकारचेही नव्हते. दोन दिवस थांब, एवढंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यात दूतावासामार्फत नवऱ्याचं पत्र आलं. तुझ्या कोऱ्या रकान्याचं इथे कळलं, फॉर्म भर, त्याने लिहिलं होतं. खोकला थांबत नाही, पोरांची तोंडं आता नीट आठवत नाहीत. हे काकांनीच लिहायला लावलंय. खाली ग्रीसकाकांच्या वाकड्या अक्षरात दोन ओळी होत्या. "सूनबाई, वेडेपणा पुरे. इथला पाण्याचा पंप बिघडलाय, मला भरपूर काम आहे."

तिने पत्र तीनदा वाचलं. नवऱ्याचा राग आला, काकांचा त्याहून आला, आणि मग स्वतःची इतकी कीव आली की काही विचारू नका. पण खोकणाऱ्या माणसाला आपल्या मानापायी आत ठेवायचं, एवढी दगड ती नव्हती. तिने सगळ्या बायकांना सह्या करायला सांगितल्या, नवऱ्याचा रकाना भरला आणि खिडकीतून आणखी एक फॉर्म मागून घेतला. वर ग्रीसकाकांचं नाव. नातं: सून. धर्म: नाही.

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, यावर कुठला मंत्री सही करणार? शिवाय रक्ताचं नातं लागतं.

"दोर बांधून उडी मारली ते चालत नाही का?" तिने विचारलं. "सही करणारा तुम्ही शोधा. मी इथेच आहे."

स्वयंपाकी आणि त्याचा भाऊ आधी आले, गाजावाजा न होता. चौघे आले त्या दिवशी बंदरावर मंत्री, हार, कॅमेरे, सगळा थाट होता. तांडेलीण नव्हती. एक दिवस बाक रिकामा दिसला की कागद ढिगाच्या तळाला जातो, हे तिला पक्कं माहीत झालं होतं. नवऱ्याचा इस्त्री केलेला शर्ट तिने दिराबरोबर पाठवला आणि खिडकी उघडायच्या आत येऊन बसली.

पाऊण वाजता जिन्यात खोकला ऐकू आला. तीन मजले चढून तो वर आला तेव्हा शर्ट त्याच्या अंगावर लोंबत होता. ती उठली. जेवलात का, एवढंच कसंबसं विचारलं.

त्याने मान हलवली, तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाला, "सरक जरा."

ती सरकली. तो शेजारी टेकला. साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भाऊ, तुम्ही सुटलात ना, मग आता काय काम, म्हणून विचारलं.

"आम्ही सात जण गेलो होतो," तांडेल म्हणाला. "एक यायचाय."

साहेबांनी ढिगातून ग्रीसकाकांचा फॉर्म ओढून वर ठेवला.

बाकावर चौघंच मावतात. म्हणून दुसऱ्या दिवशी बोटीवरचे बाकीचेही आले, तेव्हा स्वयंपाकी घरून स्टूल घेऊन आला.