तिखाडीची पहिली धार

रुख्माबाईचा हात सढळ, हीच तिची खोड. मोहाची दारू गाळली तरी पहिली धार आधी देवाला, मग माणसाला. सालेकसाच्या जंगलात गोंडाच्या घरी यात नवल ते काय?

त्या वर्षी लेक सोनू अकरावीत होती. कटरे सरांनी वर्गात वाफेनं तेल काढायला शिकवलं. एका चंबूत पाणी उकळायचं, वाफ दुसऱ्या चंबूतल्या कापलेल्या गवतातून न्यायची अन् नळीत थंड करून बाटलीत उतरवायची. सोनूनं जंगलातली तिखाडी नेली, ते गुडघेदुखीवरचं वासाचं गवत. आठवडाभर खपून चमचाभर तेल निघालं. पाण्यावरचा तेलाचा थर परीक्षकांना दिसावा म्हणून सरांनी पाणी तसंच ठेवलं अन् गोंदियाच्या विज्ञान प्रदर्शनाला तिचीच बाटली निवडली. पोरीला आभाळ ठेंगणं झालं. बाटली घरी आणून तिनं मायला बजावलं, सांडू नको, उद्या न्यायची आहे.

सकाळी सोनू आंघोळीला गेली अन् रुख्माबाईनं बूच काढलं. काय तो घमघमाट! लेकीच्या हातची पहिली धार, ती देवाला न देता गोंदियाला जाणार? पोरीला यश यावं म्हणून बाईनं वरचं थोडंसं देवापुढं ओतलं, बूच घट्ट लावलं. बाटली भरलेलीच दिसत होती. तेल वर तरंगतं हे त्या माउलीला कोण सांगणार? दारू काही पाण्यावर तरंगत नाही.

गोंदियात परीक्षकांनी बाटली उजेडात धरली अन् तेल कुठे आहे, असं विचारलं. सोनूनं बाटली हलवून पाहिली. सर मान खाली घालून उभे राहिले.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच सोनूला देवापुढून तिखाडीचा वास आला. मायनं कौतुकानं सगळं सांगितलं.

"तेल वरच होतं, माय. खाली नुसतं पानी."

एवढंच बोलली. भांडली असती तर रुख्माबाईला बरं वाटलं असतं.

उजाडताच ती जंगलात गेली. तिखाडी वाळून गेली होती, तरी नाल्याकाठची हिरवी ठोंबं शोधून तिनं भारा आणला अन् लेकीपुढं टाकला.

"आता कायले, माय?" म्हणत सोनू दप्तर घेऊन निघून गेली.

देवापुढची ती जागा रुख्माबाईनं दोनदा शेणानं सारवली. वास काही गेला नाही.