ललिता बिल्ला विसरली तेव्हा

...आणि पितळी बिल्ल्याची झिजलेली कड जानरावांनी खिळ्यावर टांगलेल्या त्याच आकड्याच्या जोडबिल्ल्याला टेकवली, आकडा आकड्याशी जुळला, तेव्हा कुठे दारातली फळी उचलली — समोर पोटची मुलगी उभी होती तरी. अमरावतीच्या त्या कॉलेजात ग्रंथालयाच्या दाराशी ते बसत, आणि इंदू तिथेच एम.ए.ला होती. “तोंड पाहू लागलो का जात पाहनं आलंच, पोरी,” ते म्हणत. “बिल्ला जुळला का मानूस अंदर. पाटलाचा असो का आपला.” बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून हे त्यांच्या अंगातच भिनलं होतं. एकदा ती बिल्ला घरी विसरली तर भर वैशाखात त्यांनी तिला माघारी धाडलं होतं, आणि तिला राग आला नव्हता — उलट वाचलेल्या साऱ्या न्यायी माणसांहून बाप उंच वाटला होता...

त्या दुपारी ती कपाटांच्या फटीतून पाहत होती. दर्यापूरची ललिता, वसतिगृहात राहणारी, दाराशी पिशवी चाचपत होती.

“काका, बिल्ला खोलीवरच राह्यला.”

“डोकं तं आनलं ना? जाय अंदर. तुले का मी वळखत नाई?”

फळी वर गेली. एवढंच. पण इंदूला पुढची ओळ वाचताच येईना. ललिताला ओळखतात... मग त्या वैशाखात, तापल्या रस्त्यावर, मी कोण होते — नुसता आकडा? ललिताचा तो हसरा चेहरा ओरबाडावा असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही.

संध्याकाळी तिनं बाबांपुढे न बोलता चहा ठेवला.

“काहून गप हायेस वं?”

“काही नाही.” शुद्ध, पुस्तकी, थंड.

पहाटे बाबा उठलेच नाहीत.

ललिता आली ती इंदूच्या आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतच. “मले कधीच नाई अडवलं काकानं,” ती म्हणाली. कधीच... म्हणजे एकदाच नव्हे. “पोटच्या पोरीवानी रडते, बाई,” कुणीतरी म्हणालं. इंदूचे डोळे कोरडे. माझं रडणंसुद्धा हिनंच नेलं.

माणसं पांगल्यावर ती बाबांच्या रिकाम्या बाजेशी बसली. एकदा माझं तोंड पाहिलं असतं तर पुन्हा आकडा पाहवलाच नसता, म्हणून का ते माझाच बिल्ला तपासत... की ललिताच जास्त जवळची? आता कोण सांगणार. ओठांवर जुळवलेलं नेटकं वाक्य आलं, मोडलं, आणि बाहेर आली ती त्यांची बोली, जी ती कॉलेजात गेल्यापासून बोलली नव्हती —

“बाबा, मले बी एकदा नुसतं तोंड पाहून येऊ द्याचं होतं ना...”