काहिलीचे चौथे टोक

मित्रांनो, मी कळंबच्या शिवारातली एक जुनी काहील आहे, म्हणजे उसाचा रस आटवण्याची मोठी लोखंडी कढई. १९५३ च्या हंगामात माझ्यातला उकळता पाक अंगावर सांडून भिमा मेला. पण इंदापूरहून जमादार आले, तेव्हा मालक आबासाहेबांनी सांगितले की आमच्या गुऱ्हाळावर तसे काही घडलेच नाही. मी मालकाचे लोखंड आहे. तेव्हा ते घडलेले नाही. आपण माझ्या जन्माविषयी बोलू.

बारामतीच्या लोहारांनी मला पत्र्याला पत्रा ठोकून घडवले. माझ्यातला गूळ पिवळाधमक निघे. व्यापारी ढेप फोडून वास घेत आणि गूळ शिजवणाऱ्या दत्तोबांची पाठ थोपटत. माझी पाठ कोणी थोपटली नाही. थोपटली असती तर हात भाजला असता.

माझ्याखालच्या चुलवाणात उसाची वाळलेली चिपाडे सारून जाळ राखायचे काम भिमाचे. चरकात ऊस घालायचे काम हिंदुरावांचे. निदान ठरले तसे होते. पण आमच्याकडे एक रीत होती : दुसऱ्याने पुढे केलेली तंबाखूची चिमूट घेतली, की त्याचे कामही घेतले. भिमाला नको म्हणता येत नसे. त्यामुळे तो जाळ राखी, ऊस घाली, रसावरची मळी काढी, आणि दत्तोबांच्या म्हशीला पाणीही दाखवी. म्हैस गुऱ्हाळावर कामाला नव्हती. धुराने त्याचे डोळे तांबडे झाले, छाती वाजू लागली. त्याची बायको रतन भाकरी घेऊन येई तेव्हा रोज सांगे, एकदा तरी न्हाय म्हणा, न्हायतर हंगामाआधी तुमीच संपाल.

पाक झाला की कड्यांत दांड्या घालून चार माणसे मला चुलीवरून उचलत. एका टोकाला भिमा, शेजारच्या टोकाला हिंदुराव. त्या सकाळी हिंदुरावांनी चिमूट पुढे केली.

"भिमा, माझं टोक तेवढं तूच धर. कंबर धरलीया."

भिमाने हात जोडले. "तात्या, तंबाखू तुमची लई चांगली. पर आज नगं. माझ्याच्यानं एकच टोक हुतंय."

"मोठा झालास की रं," हिंदुराव म्हणाले. त्यांनी चिमूट आपल्या दांडीच्या टोकावर ठेवली. "हितं हाय. मन झालं की घे." आणि ते लिंबाखाली जाऊन टेकले.

वाऱ्याने चिमूट उडवली. थोड्या वेळाने हिंदुरावांनी येऊन पाहिले, तर दांडी मोकळी. म्हणजे चिमूट घेतली, म्हणजे काम घेतले. ते परत लिंबाखाली गेले आणि निश्चिंत झोपले.

दत्तोबांनी "उचला" म्हटले. वाफेत कोणाला कोणी दिसत नव्हते. तिघांनी उचलले. मी चौथ्या, रिकाम्या टोकाकडे, शेजारच्या भिमाच्या अंगावर कलंडले.

बैलगाडी त्याला घेऊन बारामतीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेवरूनच परत आली. मग चरकाजवळ निवाडा झाला. हिंदुराव शपथेवर म्हणाले, "चिमूट उचलली म्हंजी टोक उचललं. मी मोकळा." रीत सर्वांना मान्य होती. असे ठरले की भिमा दोन्ही टोकांना होता, आणि एका टोकाला तो कमी पडला.

रतनला सांगायचे काम आबासाहेबांनी हिंदुरावांना दिले. हिंदुरावांनी दत्तोबांपुढे चिमूट केली, दत्तोबांनी गाडीवानापुढे. सगळ्यांची तंबाखू खाऊन झाली, तोवर ती भाकरी घेऊन आली.

"धनी कुठं हायती?" तिने विचारले.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

आता मी गोठ्यात पडून आहे. जनावरे माझ्यातले पाणी पितात. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. गंज माझा मी सांभाळीन. कोणी हात जोडून नको म्हटले, तर तेवढे मात्र जपा. त्यासाठीच माझा हा अर्ज.

तरी मेहेरबान मामलेदारसाहेब, इंदापूर, यांस नम्र विनंती की, भिमाने वेळेवर व अदबीने दिलेला नकार मागील तारखेपासून मंजूर करावा, आणि त्यास घरी सोडण्यात यावे.