माझीच शिवण, माझ्याच डोक्यावर

सून घरात यायच्या कितीतरी आधीपासून मी उडायच्या छत्र्या शिवतेय. टेकडीवरून लोक ज्या रंगीत कापडाला लटकून हवेत तरंगतात, ते काट्यात अडकून फाटलं की आमच्या पुढच्या खोलीत येतं. खोलीभर कापड पसरतं, नवरा कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन चहा पितो आणि मी ठिगळं लावते. छत्री न्यायला आलेल्या प्रत्येकाला ठणकावून सांगते, बिनधास्त उडा, शिवण उसवली तर नाव लावणार नाही.

स्वतः मात्र एकदाही उडाले नव्हते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. इच्छा नव्हती असं नाही. जन्मात एकदा तरी वरून जग बघावं असं फार वाटायचं. दोनदा टेकडीवर गेलेही, आणि दोन्हीदा गुडघ्याचं निमित्त सांगून पायी खाली आले. या वर्षी गुडघ्याने ते निमित्त खरं केलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीपासून धावणं विसरा. आणि उडायचं तर उतारावरून धावावंच लागतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

माझी सून लोकांना आपल्या पुढ्यात बांधून उडवते. तोच तिचा धंदा. सासूचा जीव सुनेच्या हातात, यावर नवऱ्याने इतके विनोद केले, की त्याला मी टेकडीच्या पायथ्याशीच उभं केलं.

माथ्यावर सुनेने माझे पट्टे आवळले. निळी छत्री गवतावर पसरली होती. ती मी बघताक्षणी ओळखली. ही गेल्याच महिन्यात माझ्याकडे होती. हिला कुठे कुठे भोकं पडली होती ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसरी आण, मी म्हटलं. मला वाटलं सून हसेल, पण ती हसली नाही.

"आई, मी रोज तुमच्या शिवणीला लटकते. मला कधी भीती वाटली नाही."

माझ्या कामाचं एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. डोळे भरून आले, ते वाऱ्यावर ढकलले आणि धावत सुटले. गुडघा कुरकुरला. चार पावलं पडली असतील नसतील, पुढचं टाकायला जमीनच नव्हती.

मी मान वर करून ठिगळं बघायला लागले. डावीकडचं घट्ट. मधलं घट्ट. उजव्या टोकाला शिवण जराशी वाकडी गेली होती, पण एवढ्या ताणातही दोरा जागचा हलला नव्हता. किती छान काम केलंयस गं बाई, असं मी मोठ्याने स्वतःलाच म्हणाले. मागून सून नदी दाखवत होती, पूल दाखवत होती; मी आपली हो हो करत होते. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलंय.

उतरलो तशी तो धापा टाकत आला. वरून कसं दिसतं, आपलं घर दिसलं का, त्याला सगळंच एकदम ऐकायचं होतं.

सांगायला तोंड उघडलं आणि कबूलच करावं लागलं. मी खाली बघितलंच नव्हतं.

दोघंही हसून हसून गवतावर बसली. मी नाही बसले. बसले असते तर गुडघ्याने उठू दिलं नसतं. छत्री गोळा केली आणि सुनेच्या हातात दिली.

"चल गं, पुन्हा वर. शिवण बघून झाली, आता जग दाखव."