दाबाचं दूध

मयंकने काचेच्या पेल्यात दूध ओतलं आणि पेल्यामागे स्वतःचं बोट धरलं. बोट दिसलं. अगदी स्वच्छ नाही, पण नखासकट दिसलं.

"यामा पानी टाकेल शे," सासूबाई म्हणाल्या.

"एक थेंब नही, दादी. मलई काढेल शे, बस."

सासूबाईंचं, म्हणजे धनकंवरबाईंचं माहेर शहाद्याचं. नवापूरला आयुष्य गेलं, घरात मारवाडी, दुकानात गुजराती, पण नातवाशी, माझ्याशी बोलायला बसल्या की अहिराणीच. मी सुरतेची. मला अहिराणी समजायला चार-पाच वर्षं लागली, सासूबाई समजायला त्याहून जास्त.

मयंक माझा मुलगा. तो काम करतो त्या डेअरीत दूध न तापवता टिकवायचं यंत्र आलं होतं आणि ते त्याच्याच अंगावर टाकलेलं. पोलादी नळकांड्यात पाणी, पाण्यात दुधाच्या बाटल्या, आणि त्या पाण्यावर प्रचंड दाब.

"बाटली चेपत नाही?" मी विचारलं.

"नाही मम्मी. दाब सगळीकडून सारखा असतो. बाहेरून काही कळत नाही. आत प्रथिनं मात्र उलगडून जातात."

मला सासूबाईच आठवल्या. समोरच तर बसल्या होत्या. दिवाळीनंतर सासरे, धर्मचंदजी, गेले. त्या दिवसापासून ही बाई रडली नाही. जेवा म्हटलं, हां. डॉक्टरकडे चला, हां. साडी बदला, हां. पूर्वी यांच्याकडून 'हां' मिळवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं होतं. आता मागाल तेवढे हां मिळत होते आणि मला त्या 'हां'चीच भीती वाटायची.

एकच काम त्या न सांगता करत. म्हैस पिळल्यापासून दोन घडींच्या, म्हणजे पाऊण तासाच्या आत दूध गाळून उकळलंच पाहिजे, नाहीतर त्यात जीव पडतात, ही आम्हा जैनांतली मर्यादा. सासरे ती फार कडक पाळत. परक्या घरी चहासुद्धा नाही; लग्नाच्या पंगतीत नुसते पापड मोडत बसायचे. त्यांच्यासाठी सासूबाई पहाटे उखा गवळ्याच्या वाटेकडे कान लावून असायच्या. ते गेले, तरी पातेलं वेळेवर चढत होतं. त्यामुळे गावातल्या जैन घरांत दुधा-पाण्याची शंका निघाली की 'धनकंवरबाईंना विचारा' अशी रीतच पडली होती.

मयंकला तेच हवं होतं. दादी हां म्हणाली की सगळी घरं त्याची बाटली घेणार. आणि दादी तर हल्ली कशालाही हां म्हणते. मला हे पटत नव्हतं, पण मी गप्प बसले. पोराचं भलं कुणाला नको असतं?

"उकाळानं नही?" सासूबाईंनी विचारलं.

"गरजच नही."

"मंग त्यामाना जीव?"

"मरी जातस. उकाळं तरी मरतसच ना, दादी."

त्यांनी पेला उजेडाकडे धरला. "पन हाई असं काब्र दिखस?"

"दूधमा प्रथिनना बारीक कण ऱ्हातस. त्यासनामुये दूध पांढरं दिखस. दाबमा त्या फुटी जातस."

"आनि दाब काढा मंग?"

"काही परत जुळतस." मयंकला खोटं बोलता येत नाही. तो अडखळला. "पन पहिलासारखा नही."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला.

मग त्याने वाटी पुढे केली. याच दुधाचं, न उकळता लावलेलं दही. वाटी तिरपी केली तरी हललं नाही, कडेला पाणीही सुटलं नव्हतं. मी चाखलं. खोटं कशाला बोलू, सासूबाईंच्या दह्यापेक्षा घट्ट होतं.

"सांग ना दादी. चाली ना आपलाले?"

आम्ही दोघंही 'हां'ची वाट बघत होतो.

त्या उठल्या, हात धुतले, पूर्वेकडे तोंड करून बसल्या आणि तीनदा णमोकार मंत्र म्हटला. मला वाटलं, आता चव घेणार.

"मन्हा दूधना त्याग," त्या म्हणाल्या. "जीव शे तोवर. दूध, दही, चहा, काहीच नही."

मयंकचा चेहरा उतरला. "दादी, मी असं कधी सांगं? तू नही म्हण. चाली मले!"

"नही कशी म्हनू? चालस का नही, मले मालूम नही. मालूम नही तर हां बी कशी म्हनू? तुन्हा दादाजी व्हतात तर त्यासले विचारतू." बोलताना आवाज वर-खाली झाला नाही. "जी दूधच पेत नही, तिले आते कोन विचारी? तू तुन्हं काम कर."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी 'हां' म्हणायचं नाकारलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं, मयंकलाही आलं. त्यांना नाही आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उखाने दारातून हाक मारली. "माय, दूध उनं!"

"फाल्गुनी, तू ले," आतून आवाज आला.

या घरात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण सकाळचं दूध मी कधी तापवलं नव्हतं. गाळलं, पातेलं चढवलं, जरा पेला शोधायला वळले तेवढ्यात दूध फसफसून वर आलं. गॅस विझला. ओट्यावरून धार खाली लागली.

मी मागे पाहिलं. सासूबाई त्यांच्या रोजच्या जागी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दूध वर येताना त्यांनी पाहिलं होतं. दोन्ही हात मांडीवर होते.

"पुसी ले," त्या म्हणाल्या. "मुंग्या येतीन."