रविवारचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना लाल पट्टा आहे. सोन्याचा नाही, चामड्याचाही नाही. मालमोटारीच्या फाटक्या ताडपत्रीतून मला कापलं आणि एका खडखडणाऱ्या शिलाई यंत्रावर माझ्या दोन्ही कडा दुमडून शिवल्या. शिवणाऱ्या बायका प्राणी कल्याण संस्थेच्या अंगणात बसत आणि आमच्यासारखे शेकडो पट्टे बोलता बोलता हातावेगळे करत. त्यांना आमचं फारसं कौतुक नव्हतं. भुईमूग सोलावा तसं ते काम होतं.

पण मला माझं काम ठाऊक होतं. ज्या कुत्र्याला पिसाळण्याच्या रोगाची सुई दिली, त्याच्या गळ्यात लाल पट्टा. मलावीतल्या आमच्या भागात कुत्र्यांची कागदपत्रं कोण सांभाळणार? माणसांचीच वाळवी खाऊन टाकते. म्हणून संस्थेने आणि तालुक्याच्या कचेरीने मिळून ठरवलं होतं की लाल पट्टा दिसला की त्या कुत्र्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. मी म्हणजे त्याचा जीव, असं आमच्या गठ्ठ्यातले सगळे अभिमानाने म्हणायचे.

एके दिवशी संस्थेची गाडी सरोवराकाठच्या एका गावात आंब्याखाली येऊन थांबली. काय ती जत्रा! कोणी सालीच्या दोरीने कुत्रं ओढत आणलं, कोणी पोत्यात घालून, तर एकाने चक्क ढकलगाडीतून. सुई टोचायला तमांदानी नावाची परिचारिका होती. तिचा हात हलका आणि तोंड तिखट. रांगेत शेवटी एक उंच, वाकलेला म्हातारा कोळी उभा होता, आणि त्याच्या पायाशी मातकट रंगाचा, एक कान फाटलेला कुत्रा.

"बाम्बो चिकोपा, नाव काय याचं?" तमांदानीने विचारलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे बाम्बो म्हणतात, बाईला मायी.

"तिझाओना."

रांगेतले लोक खो खो हसले. तिझाओना म्हणजे 'बघूच आता'. आमच्याकडे शेजाऱ्याला तोंडावर बोलता येत नाही ते कुत्र्याच्या नावातून ऐकवतात. चिकोपाची बायको वारली तेव्हा शेजारीण मायी नाचिसाले म्हणाली होती, "हा काय एकटा राहतोय! महिन्याभरात माझ्या दारी पीठ मागायला येईल." त्याच आठवड्यात चिकोपाने एक पिल्लू आणलं आणि त्याचं बारसं करून टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो कुंपणाशी उभा राहून घसा फोडून हाक मारी, "तिझाओनाऽऽ!" आणि पलीकडे नाचिसालेची भांडी आपटत. पीठ मागायला तो काही गेला नाही.

तमांदानीने सुई टोचली आणि मला तिझाओनाच्या गळ्यात बांधलं. दोन बोटं आत घालून पाहिली, फार घट्ट नाही ना म्हणून. "हा काढायचा नाही बरं का, बाम्बो," ती म्हणाली आणि पुढच्या गावाला निघून गेली.

तो गळा मला अजून आठवतो. उबदार, खरबरीत, आत सतत काहीतरी धडधडणारा. मला वाटलं, आता आयुष्यभर इथेच.

घरी पोचताच चिकोपाने मला सोडलं.

त्याला दोष देऊ नका, मित्रांनो. त्याचा विचार साधा होता. सुई अंगात गेली, ती काय कोणी काढून घेणार आहे? पट्टा म्हणजे बक्षीस. आणि इतकी लालभडक, इतकी नीट शिवलेली वस्तू त्याच्या घरात दुसरी नव्हती. ती चिखलात, माशांच्या खवल्यांत लोळवायची? त्याने माझी घडी केली आणि मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. तिथे त्याच्या बायकोचं चांगलं कापड होतं, तिचा चष्मा होता, डांबरगोळ्या होत्या. घरात जे जे मोलाचं, ते ते त्या पेटीत. मला तिथे जागा मिळाली हा माझा केवढा मान!

पण मानाने पोट भरत नाही, आणि पट्ट्याला गळ्यावाचून करमत नाही. मी त्या कापडाशी बोलून पाहिलं. ते बोलेना. ज्या बाईने ते नेसायचं ती गेली, तेव्हापासून त्याने बोलणंच सोडलं होतं. चष्मा तर कोणाकडेच पाहत नव्हता. पेटीबाहेर तिझाओनाची नखं जमिनीवर वाजत, तो पेटीला टेकून झोपे, त्याचा श्वास पत्र्यातून ऐकू येई. तो एक वीतभर अंतरावर आणि मी अंधारात.

रविवारी मात्र पेटी उघडे. चिकोपा धुतलेला सदरा घाली, मला तिझाओनाच्या गळ्यात बांधी आणि दोघं प्रार्थनेला निघत. चर्चच्या दाराशी तिझाओना असा ऐटीत बसायचा की जणू वर्गणी तोच गोळा करतोय. परतताना नाचिसाले कुंपणावरून टोमणा मारी, "अहो बाम्बो, त्या पोरीने सांगितलं होतं ना काढू नका म्हणून? बांधून ठेवा की त्याच्या गळ्यात!"

"चिखलात लोळायला? तुझी चांगली कापडं तू रोज नेसतेस का?"

"मी कुत्रा नाही."

"ते मी कुठं म्हटलं?" चिकोपा म्हणे आणि स्वतःशीच हसत आत येई. मग पुन्हा घडी, पुन्हा पेटी, पुन्हा कुलूप. किल्ली त्याच्या गळ्यात. गंमत पाहा, माझी जागा जिथे हवी होती तिथे किल्ली लोंबत होती, फक्त गळा चुकला होता.

मासे वर आले की आमचे कोळी सरोवरावर मुक्कामाला जातात. पाण्यावर तरंगणाऱ्या गवताच्या झोपड्या बांधतात, तिथेच मासळी सुकवतात, तिथेच झोपतात. तिथे कुत्रं चालत नाही. सुकत घातलेली मासळी फस्त करेल. त्या मोसमात चिकोपाने जाळं खांद्यावर घेतलं, दाराला कडी आणि टाळं लावलं, आणि तिझाओनाला अंगणात ठेवून निघाला. जाताना कुंपणाशी क्षणभर थांबला. नाचिसालेला 'याच्याकडे बघ' असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं. तिनेच विचारलं, "खरवड उरते माझ्याकडे. टाकू का याला?" तो नुसता हुंकारला.

बंद घरात मी आणि त्या मुक्या वस्तू. बाहेर तिझाओना दाराला पाठ लावून बसलेला असे. संध्याकाळी त्याला हाक मारायला कोणी नव्हतं. त्या वेळी तो बारीक आवाजात कण्हे, आणि मला वाटे, अरे, मी आहे ना इथे. पण पट्ट्याला आवाज असता तर आणखी काय हवं होतं!

मग ते संकट आलं. पलीकडच्या गावात एका पिसाळलेल्या कुत्र्याने लहान मुलीला चावा घेतला आणि ती दगावली. सगळा भाग हादरला. कचेरीची गाडी कर्ण्यातून ओरडत फिरली: ज्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा नाही, तो दिसेल तिथे मारला जाईल. पत्र्याआडून मी शब्द न् शब्द ऐकला. सरोवराच्या मध्यावर चिकोपाला मात्र वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. नाचिसालेने दोघा-तिघांजवळ निरोप धाडला. पण वारा उलटा होता, नावा निघत नव्हत्या.

कचेरीचा बंदूकवाला आला तेव्हा त्याच्याबरोबर तमांदानीही होती. पट्टेवाल्या एकाही कुत्र्यावर गोळी झाडू नये म्हणून संस्थेने भांडून तिला सोबत पाठवलं होतं. मला तिचा आवाज ओळखू आला आणि माझी आशा पालवली.

"याला सुई दिली आहे!" नाचिसाले धावत आली. "मी स्वतः तिथे होते, माझ्या डोळ्यांदेखत दिली."

"मग पट्टा कुठंय?" बंदूकवाल्याने विचारलं.

"पेटीत."

तो हसला. "कुत्र्याचा पट्टा पेटीत? आणि बूट कपाटात असतील त्याचे!"

"मायी खोटं बोलत नाही," तमांदानी म्हणाली. "मला हा फाटका कान आठवतो. थांबा जरा. पट्टा दाखवला तर झालं ना?"

"दाखवा. पण लवकर."

मित्रांनो, गावात एकट्या पुरुषाचं घर शेजारणीने फोडायचं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? जन्मभर तोंड लपवायची पाळी. नाचिसालेने क्षणभरही विचार केला नाही. घरातून मुसळ आणलं आणि दारावर घाव घातला.

आणि तिझाओना उठला.

ज्या बाईने त्याला इतके दिवस खरवड घातली, तिच्याच अंगावर तो धावून गेला. धन्याचं दार होतं ते! त्याने तिचं कापड दातांत धरलं, ओढलं, फाडलं. तिने लाथेने त्याला दूर लोटलं, "हो बाजूला, मेल्या, तुझ्यासाठीच चाललंय!" असं ओरडत पुन्हा घाव घातला. दार कोसळलं. ती आत शिरली, मुसळ पेटीच्या कुलपावर आपटू लागली. बाहेर तिझाओना वेड्यासारखा भुंकत होता, त्याच्या तोंडातून लाळ उडत होती.

"पिसाळलंय!" बंदूकवाला ओरडला.

"नाही! घर राखतोय तो! घर राखतोय!" तमांदानीचा आवाज चिरकला.

कुलूप तुटलं. झाकण उघडलं. इतका उजेड आला, माझ्यावर नाचिसालेची बोटं पडली, आणि बाहेर बार झाला.

तिने मला मुठीत धरूनच बाहेर आणलं. नंतर मला तिझाओनाच्या गळ्यात बांधण्यात आलं. तमांदानीने बांधलं. सवयीने तिने दोन बोटंही आत घालून पाहिली आणि मग ती तोंड फिरवून रडली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! तो गळा अजून कोमट होता, पण आत काही धडधडत नव्हतं.

पुरायच्या आधी नाचिसालेने मला सोडून घेतलं. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

वारा फिरल्यावर चिकोपा परतला. पाहतो तो दार मोडलेलं, पेटी फुटलेली. मासळीची टोपली तिथेच टाकून तो कुंपणाशी गेला.

"वाटलंच होतं मला! मी पाण्यावर काय गेलो, माझं घर फोडलंस! बाहेर ये, नाचिसाले! तिझाओना! कुठं मेला हा? तिझाओनाऽ!"

पलीकडे भांडी आपटली नाहीत. नाचिसाले बाहेर आली आणि तिने मला त्याच्या हातावर ठेवलं. मग कुंपणाजवळच्या ताज्या मातीकडे बोट दाखवलं आणि जे घडलं ते सांगितलं. तो उभ्याचा खाली बसला. 

"तुला चावला का?" त्याने शेवटी विचारलं.

"नाही. कापड फाडलं नुसतं." ती म्हणाली. "चांगला राखणदार होता, बाम्बो."

त्या दिवसापासून चिकोपाने मला आपल्या मनगटाला गुंडाळलं आहे. गावातली टवाळ मंडळी विचारतात, "काय बाम्बो, सुई घेतलीत वाटतं?" तो हसत नाही. संस्थेने त्याला पिल्लू देऊ केलं होतं. तो नको म्हणाला. मी रात्रंदिवस माणसाच्या अंगावर असतो, तरी एकटा तो एकटाच, आणि मीही एकटाच.

यंदा संस्थेची गाडी पुन्हा आंब्याखाली आली. चिकोपा तिथे सुई टोचताना कुत्री धरायला गेला होता. एका बाईने पट्टा बांधून होताच वाटेतच सोडला. "माझ्या पोरीच्या केसांत किती शोभेल!" असं म्हणत ती त्याची घडी घालत होती. चिकोपा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडणार. त्याने नुसता हात पुढे केला आणि बाही वर सारली.

"हा मी जपून ठेवला होता," तो म्हणाला.

 गावात कोणाला ठाऊक नव्हतं? बाईने पट्टा पुन्हा आपल्या कुत्रीच्या गळ्यात बांधला आणि गाठीवर गाठ मारली.

मित्रांनो, तुमच्या आसऱ्याला एखादा मुका जीव असेल, तर त्याच्या वाट्याची वस्तू त्याच्या अंगावर राहू द्या. मळेल, विटेल, फाटेल, तर फाटू द्या. तिझाओनाला माझी गरज पडली त्या दिवशी मी अगदी स्वच्छ होतो, नीट घडी करून ठेवलेला.