उतरलेला पंचम

मी उषाताईंचं व्हायोलिन बोलतोय. बोलतोय म्हणजे, आज कुठे जरा वाचा फुटली आहे. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी जे पाहिलं त्याने माझं जुनं लाकूड अजून हादरलेलं आहे.

जन्म माझा कोलकात्याच्या एका कारखान्यातला. तिथून ग्वाल्हेरला, टोपी बाजारातल्या एका दुकानात आलो आणि तीन वर्षं काचेआड पडून राहिलो. हे गाण्याचं गाव, इथे मला कोण विचारणार! लोक यायचे आणि हार्मोनियम घेऊन जायचे. मग एके दिवशी माधवराव आले, सोबत त्यांची दहा वर्षांची मुलगी. तिने थेट माझ्याकडे बोट दाखवलं. "हेच हवं, बाबा." ती उषा. आता सगळं शहर तिला ताई म्हणतं, मी मात्र मनातल्या मनात उषाच म्हणतो. एवढा हक्क माझा आहे.

पुढची चाळीस वर्षं आम्ही गाजवली. ती मांडी घालून बसायची, माझं डोकं तिच्या उजव्या पावलावर, पाठ तिच्या छातीशी. आधी गवयांच्या साथीला, मग रेडिओवर, मग मोठ्या मैफलींत एकटीने. कान तर असा तिखट की एकदा भर मैफलीत गज थांबवून तिने सांगितलं, मागच्या तंबोऱ्याची तार उतरली आहे. खुद्द तंबोरा छेडणाऱ्याला ते कळलं नव्हतं. माझी छाती फुगली होती त्या दिवशी.

पुढे मैफली कमी झाल्या आणि शिंदे की छावनीतल्या घरी वर्ग सुरू झाला. उषाचा नियम एकच. आधी ती मला सुरात लावणार, मग सगळी मुलं माझ्यावरून आपापली व्हायोलिनं लावणार. तंबोऱ्याचं यंत्र कपाटात बंद. "यंत्राला गुरू करायचं नाही," ती दटावायची.

गेल्या दिवाळीत मला पहिला धक्का बसला. उषाने खुंटी पिळली आणि माझा पंचम, म्हणजे 'प'ची तार, केसभर खाली थांबवली. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात आणखी खाली. एकाहत्तराव्या वर्षी तिच्या कानाला तो सूर चढा ऐकू येऊ लागला होता, म्हणून ती तो उतरवत होती. दोन तारांवर एकदम गज फिरला की सूर जुळत नाहीत म्हणून माझं अंग थरथरायचं. मी आणखी काय करणार?

वर्गात सोळा मुलं होती. मला वाटायचं, आज कोणीतरी बोलेल, उद्या बोलेल. कोणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांनी आपापले पंचम निमूट माझ्याबरोबर उतरवले.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तालमीला पांडुरंगराव आले. उषाचे जुने तबलजी, दोन वर्षं मुलाकडे इंदूरला होते. तिने मला नेहमीसारखं लावलं आणि त्यांचा हात तबल्यावरच थांबला.

"उषाताई, पंचम उतरलाय तुमचा."

उषा हसली. "तुमचे कान गेले, पांडुरंगराव. मुलांनो, तुम्हीच सांगा."

"तुमचाच बरोबर आहे, ताई," सगळी एका सुरात म्हणाली.

पांडुरंगराव हट्टाला पेटले. "कान राहू द्या तुमचे नि माझे. हात ठेवा याच्या पाठीवर." त्यांनी मला सगळ्यांत जुन्या शिष्येच्या, गरिमाच्या हाती दिलं. तिने दोन तारांवर गज ओढला. उषाच्या तळव्याखाली मी थरथरत होतो. गरिमाने खाली मान घालून खुंटी हळूहळू चढवली आणि माझी थरथर थांबली. इतक्या महिन्यांनी मी सुरात आलो! आणि नेमक्या त्याच क्षणी उषाचा चेहरा कसनुसा झाला. तिच्या कानाला तो सूर खोटा लागला होता. हात एक सांगत होता, कान दुसरंच.

तिने माझ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "गरिमा, तुला माहीत होतं?"

गरिमा रडायलाच लागली. "ताई, दिवाली से पता था. सबको. आम्ही घरी जाऊन फोनवर सूर बघून तारा पुन्हा लावायचो. तुम्हाला कसं बोलणार?"

माझ्या तारा तुटल्या असत्या तरी मला इतकं लागलं नसतं. शेवटी शेवटी मला वाटू लागलं होतं, पोरांना कळतच नसेल. त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं!

पण खरा घाव पुढेच होता. दिवाळीनंतर आलेली नऊ वर्षांची उन्नती माझा नीट लागलेला पंचम ऐकून नाक मुरडत म्हणाली, "ताई, ये गलत है. आपला पंचम असा नाहीये."

तिला बिचारीला दुसरा पंचम कोणी ऐकवलाच नव्हता. उषाने तिला जवळ ओढलं आणि पदर तोंडाला लावला. साठ वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात ती वाजवायला बसली नाही. पण सोमवारी वर्ग भरला. यंत्र कपाटाबाहेर आलं होतं. उषाने उन्नतीला समोर बसवून पंचम गायला सांगितला. पोरीने डोळे मिटून गायला. तो उतरलेलाच होता.

"गरिमा, लागला?" उषाने विचारलं.

"हो, ताई."

एवढं सगळं होऊनही? उषा मात्र रागावली नाही. ती इतकंच म्हणाली, "तुझ्या 'हो'मुळे या पोरीचे आठ महिने गेले. आता मला ऐकू येत नाही, तर मी कोणाच्या भरवशावर शिकवू?"

गरिमाने मान वर केली. मग ती म्हणाली, "नाही, ताई. नाही लागला."

त्या वर्गात गुरूला कोणी 'नाही' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. उषाने डोळे पुसले आणि म्हणाली, "उन्नती, पुन्हा गा."

अजून त्या पोरीचा पंचम लागलेला नाही. रोज गाते, रोज घसरते. मी लाकडाचा, मला थरथरण्यापलीकडे काही येत नाही. तुम्हाला तर तोंड आहे. ज्यांच्या पाया पडता, त्यांच्याशी तरी खरं बोला, बाबांनो.